२४ जागांची लिनक्स लॅब, एकच सर्व्हर : प्रकल्प नोंदी

सोमवार, २ जून २०२५

मोजदाद. खोलीत २४ जागा. १८ डेस्कटॉप: दोन कोअर, ४ जीबी रॅम, गिगाबिट पोर्ट. ६ लहान थिन क्लायंट खोकी: अ‍ॅटम प्रोसेसर, १ जीबी रॅम, १०० एमबीपीएस पोर्ट. डेस्कटॉपमधल्या निम्म्या हार्ड डिस्क कटकट वाजत होत्या, म्हणून सगळ्याच काढल्या. मशीन नेटवर्कवरून बूट होणार.

सर्व्हर: ६ कोअर, ३२ जीबी रॅम, सिस्टिमसाठी ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, मुलांच्या होम फोल्डरसाठी २ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर एकच प्रत). नेटवर्क कार्डं दोन, एक शाळेच्या राउटरकडे आणि एक लॅबकडे. स्विचही दोन, २४ पोर्टचा आणि ८ पोर्टचा, दोन्ही गिगाबिट आणि अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग्ज बदलता न येणारे. सहा खोकी आठवाल्यावर, बाकी सगळं चोवीसवाल्यावर.

डेबियन १२ (लिनक्स), एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आणि एलटीएसपी (मशीन नेटवर्कवरून बूट करणारी प्रणाली) असं ठरलं. एलटीएसपी हा १९९९ पासूनचा प्रकल्प, पण २०१९ मध्ये तो मुळापासून नव्याने लिहिला गेला आणि नेमकं इथेच लोक फसतात. नेटवर सापडणारे बरेच लेख जुन्या एलटीएसपी ५ चे आहेत: क्लायंटसाठी (मुलासमोरच्या मशीनसाठी) वेगळं क्रूट (सिस्टिमची स्वतंत्र प्रत) बांधा, एलडीएमचा लॉगिन पडदा लावा वगैरे. नव्यात यातलं काही लागत नाही. क्लायंट सर्व्हरकडून इमेज (अख्ख्या सिस्टिमची एका फाइलमधली प्रत) आणि होम फोल्डर घेतो. प्रोग्रॅम मात्र क्लायंटच्याच प्रोसेसरवर, त्याच्याच रॅममध्ये चालतो. हा फॅट क्लायंट. खऱ्या थिन क्लायंटमध्ये प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो आणि समोरचं खोकं फक्त चित्र दाखवतं. ४ जीबीचं मशीन थिन म्हणून वापरणं ही उधळपट्टी, आणि १ जीबीच्या खोक्यात आजचा ब्राउझर चालवणं हा हट्ट. म्हणून १८ फॅट, ६ थिन.

मंगळवार, ३ जून

सर्व्हरवर नेहमीसारखं डेबियन टाकलं, मुलांना लागणारे सगळे प्रोग्रॅम त्यातच टाकले. लिब्रऑफिस, फायरफॉक्स ईएसआर, जीकॉम्प्रिस, जिओजेब्रा, पायथनसाठी थॉनी. एलटीएसपी चालू सर्व्हरच्याच रूट फाइलसिस्टिमची इमेज बनवू शकतं, त्यामुळे वेगळं काही सांभाळावं लागत नाही.

मग एलटीएसपी, डीएनएसमास्क (क्लायंटना बूटच्या फाइली देणारं), एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फोल्डर वाटणारा), ओपनएसएसएच (कूटबद्ध लॉगिनसाठी), स्क्वॉशएफएसची साधनं (इमेज दाबून बांधायला) आणि एपोप्टीज (शिक्षकाला सगळे क्लायंट दाखवणारं) ही पॅकेजं. लॅबकडच्या कार्डाला १९२.१६८.६७.१ हा पत्ता दिला; दोन कार्डं असताना एलटीएसपी हाच पत्ता गृहीत धरतं आणि क्लायंटना इंटरनेट मिळावं म्हणून नॅट आपोआप चालू करतं. एक खोच आहे: सर्व्हर सुरू होताना लॅबचा स्विच बंद असेल तर कार्डाला पत्ता मिळालेला नसतो आणि नॅट चालू होत नाही. सकाळी शिपायाने आधी सर्व्हर आणि मग स्विच चालू केला की ‘नेट नाही’ अशी तक्रार येणार. एलटीएसपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हर विभागात ‘नॅट = १’ लिहून ते पक्कं केलं.

एलटीएसपीच्या आज्ञा या क्रमाने चालवल्या: डीएनएसमास्क, इमेज, आयपीएक्सई (बूटचा मेन्यू), एनएफएस, इनिटआरडी. इमेज बनायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

डेस्कटॉपच्या बायोसमध्ये नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणि वीज आल्यावर बंदच राहण्याची सेटिंग. ती ‘आपोआप चालू’ ठेवली, तर वीज परत आली की चोवीसही मशीन एकाच क्षणी सर्व्हरच्या दारात उभी राहतात आणि सर्व्हर अजून स्वतःच उठत असतो.

बुधवार, ४ जून

सहावी ते नववीची खाती एका सीएसव्हीवरून तयार केली. सर्व्हरवर लॉगिन होतं, क्लायंटवर ‘पासवर्ड चुकीचा’. कारण इनिटआरडीची आज्ञा जी छोटी फाइल बनवते तिच्यात कॉन्फिग, सर्व्हरच्या एसएसएच किल्ल्या आणि खात्यांची यादी गोठलेली असते. नवं खातं काढलं किंवा कॉन्फिग बदललं की ती आज्ञा पुन्हा चालवायची आणि क्लायंट रीबूट करायचा. पासवर्ड त्यात नसतो, तो दर वेळी सर्व्हरकडे एसएसएचने तपासला जातो. त्यामुळे नुसता पासवर्ड बदलला तर काही करावं लागत नाही. खाती काढणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी ही आज्ञा जोडून टाकली.

मॅक पत्त्यांनुसार (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) मशीनना नावं दिली, पीसी०१ ते पीसी१८ आणि टीसी०१ ते टीसी०६. तीच नावं मार्करने मॉनिटरवर. एपोप्टीजच्या पडद्यावर ‘पीसी११’ लाल दिसलं तर खोलीत पीसी११ शोधत बसायला नको.

शुक्रवार, ६ जून

होम फोल्डर क्लायंटपर्यंत न्यायचे दोन मार्ग. एलटीएसपी मुळात एसएसएचएफएस वापरतं: सुरक्षित, काही मांडावं लागत नाही, पण प्रत्येक बाइट कूटबद्ध होऊन जातो आणि लहान फाइलींचा मारा झाला की सुस्तावतो. ब्राउझरचं प्रोफाइल म्हणजे लहान फाइलींचा माराच. एनएफएस वेगवान, पण ते क्लायंटने सांगितलेल्या यूझर क्रमांकावर विश्वास ठेवतं. कुणी स्वतःचा लॅपटॉप लॅबच्या स्विचला लावून स्वतःच्या मशीनवर रूट (सर्वाधिकारी) झाला, तर हवा तो यूझर क्रमांक घेऊन कुणाचंही होम फोल्डर वाचू शकतो.

एनएफएसच घेतलं. एक्स्पोर्ट फक्त १९२.१६८.६७.०/२४ ला, म्हणजे लॅबच्याच नेटवर्कला, रूट स्क्वॉश (क्लायंटवरच्या रूटला सर्व्हरवर रूट न मानणं) चालू, दोन्ही स्विच कुलूपबंद पेटीत, शाळेचं वायफाय लॅबच्या बाजूला अजिबात नाही. शिक्षकांची गुणपत्रकं आणि प्रश्नपत्रिका या होममध्ये ठेवायच्या नाहीत, त्या कार्यालयातल्या मशीनवरच. एनएफएसचे धागे (एकाच वेळी मागण्या हाताळणारे हात) डेबियन १२ मध्ये मुळात ८ असतात, ते १६ केले.

बूटचा हिशोब: एका डेस्कटॉपने लॉगिन पडद्यापर्यंत येताना सर्व्हरकडून सुमारे २५० एमबी ओढले. २४ मशीन म्हणजे ६ जीबी. गिगाबिट तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला ११७ एमबी जातात, म्हणजे ५१ सेकंद. डिस्क इथे आड येत नाही. सगळे एकच इमेज वाचतात, ती पहिल्या मशीनपासूनच सर्व्हरच्या रॅममध्ये बसलेली असते. सर्व्हरची ३२ जीबी रॅम म्हणूनच पुरती वापरायची नाही, काही जीबी मोकळी दिसलीच पाहिजे. ती रिकामी नसते, तिच्यात इमेज असते.

सोमवार, ९ जून

थिन खोक्यांवर व्हिडिओ चालेल का, याचं उत्तर कागदावरच काढलं.

१३६६ × ७६८ पडदा म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. ठिपक्याला ४ बाइट, सेकंदाला २५ चित्रं: सुमारे १०५ एमबी, म्हणजे ८३९ एमबीपीएस. खोक्याचा पोर्ट १०० चा. कॉम्प्रेशनने यातलं बरंच कमी होतं, पण ते करायला सर्व्हरचा प्रोसेसर राबतो आणि उलगडायला बिचारा अ‍ॅटम. हीच ४८०पीची फाइल मात्र डिस्कवर जेमतेम १.५ एमबीपीएसची असते. म्हणजे फाइल जशी आहे तशी क्लायंटपर्यंत नेऊन तिथेच उलगडली तर १८ मशीनना मिळून २७ एमबीपीएस लागतात. सर्व्हरवर उलगडून कच्चं चित्र पाठवलं तर एकटं खोकंच जवळपास अख्खं गिगाबिट खातं. व्हिडिओ कुठे उलगडायचा, एवढाच प्रश्न असतो.

निर्णय: व्हिडिओचा तास फक्त पीसी०१ ते पीसी१८ वर. थिन खोक्यांवर टायपिंग, स्प्रेडशीट, पायथन, मजकुराची संकेतस्थळं. अगदीच पाहायचं झालं तर ६४० × ३६० च्या खिडकीत आणि १६ बिट रंगात. ते कच्चंच ९२ एमबीपीएस होतं, कॉम्प्रेशनसह निभावतं. पूर्ण पडदा केला की स्लाइड शो.

बुधवार, ११ जून

थिन बाजू. सर्व्हरवर एक्सआरडीपी (सर्व्हरवरचा डेस्कटॉप दुसऱ्या मशीनला दाखवणारा प्रोग्रॅम) आणि त्याचा एक्सऑर्ग मॉड्यूल. खोकीही तीच इमेज बूट करतात, पण कॉन्फिगमधल्या त्यांच्या मॅक विभागात ऑटोलॉगिन आहे आणि त्या खात्याच्या सेशनमध्ये एकच प्रोग्रॅम, सर्व्हरचा डेस्कटॉप दाखवणारा पूर्ण पडद्यावरचा फ्रीआरडीपी. ऑटोलॉगिनसाठी पासवर्ड कॉन्फिगमध्ये बेस६४ मध्ये लिहावा लागतो. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, नुसता बुरखा. त्या खात्यात काहीही ठेवायचं नाही, त्याला कुठल्या गटात घालायचं नाही.

सेटिंग्ज: जास्तीत जास्त रंग ३२ वरून १६ बिट. ग्रेडियंटवर पट्टे दिसतात, मुलांना फरक पडत नाही. सेशनची जोडणी तुटली तर ते १० मिनिटांनी मारायचं. हे मुळात शून्य असतं, म्हणजे कधीच नाही. एखाद्याने खोकं नुसतंच बंद केलं की त्याचं सेशन सर्व्हरची रॅम धरून बसतं आणि दुपारपर्यंत अशी आठदहा भुतं जमतात. एक्सएफसीईचं कंपोझिटिंग थिन सेशनसाठी बंद: खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकपणा म्हणजे प्रत्येक हालचालीला जास्तीचे ठिपके. डेस्कटॉपचं चित्र काढून एकरंगी पार्श्वभूमी. हा बदल क्षुल्लक वाटतो, पण खिडकी सरकवताना त्याचाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

इमेज सर्व्हरचीच प्रत असल्याने एक्सआरडीपी आता फॅट क्लायंटवरही सुरू होत होतं. क्लायंट विभागात त्या सेवा मास्क (पूर्ण बंद) केल्या.

शुक्रवार, १३ जून

सर्व्हरवरच्या सहा सेशनसाठी मर्यादा. सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक यूझरला वेगळी स्लाइस, म्हणजे रॅम-प्रोसेसरचा वेगळा कप्पा, देतं. सगळ्या यूझर स्लाइसना लागू होणारी एक ड्रॉप-इन (जास्तीच्या सेटिंगची) फाइल लिहिली: मेमरीहाय (इथून पुढे वेग आवळला जातो) २ जीबी, मेमरीमॅक्स (रॅमची कमाल) २.५ जीबी, सीपीयूवेट (प्रोसेसरचा वाटा) १००, टास्क्समॅक्स (कामांची कमाल संख्या) ३००. सहा जणांनी कमाल गाठली तरी १५ जीबी, निम्मी रॅम इमेज आणि एनएफएससाठी शिल्लक.

सीपीयूवेटची मुळातली किंमतही १०० च, मग ती लिहायची कशाला? कारण ती स्पष्ट लिहिली की यूझर स्लाइसवर सीपीयू कंट्रोलर नक्की चालू राहतो आणि वाटणी माणशी होते. मग पायथनमध्ये बारा प्रोसेस सोडणाऱ्या पोराला आणि शेजारी पत्रलेखन करणाऱ्या मुलीला सारखाच वाटा. आयओवेटही (डिस्कचा वाटा) लिहायचा मोह होतो, पण एनव्हीएमईवर शेड्यूलर (डिस्कच्या मागण्या रांगेत लावणारा) ‘नन’ असतो आणि त्यावर आयओवेटचा काही परिणाम होत नाही. काढून टाकला.

तीन गोष्टी चुकल्या. टास्क्समॅक्स नुसत्या प्रोसेस मोजत नाही, त्यांच्यातले धागेही मोजतो. फायरफॉक्सची पाचसहा पानं उघडली की तीनशेचा आकडा संपला आणि नवे टॅब पांढरे राहू लागले. १५०० केला, फोर्क बॉम्ब (स्वतःच्या प्रती काढत सुटणारा प्रोग्रॅम) अडवायला तेवढाही पुरतो. दुसरी: मर्यादा अ‍ॅडमिनच्या खात्यालाही लागली, आणि त्या खात्याच्या सेशनमधून सुरू केलेलं इमेज बांधण्याचं काम मेमरीहायला अडकून रडतखडत चाललं. मेमरीहाय प्रोसेस मारत नाही, दमवतं. अ‍ॅडमिनच्या स्लाइसला वेगळी ड्रॉप-इन फाइल देऊन मर्यादा काढली. तिसरी: तीच फाइल इमेजमधून फॅट क्लायंटवरही गेली, म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर एकटा बसलेला मुलगाही २ जीबीतच कोंडला. इमेजमधून वगळायच्या यादीत ती फाइल घातली.

फॅट क्लायंटला वेगळं औषध लागतं. तिथे डिस्क नाही, म्हणजे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही. रॅम संपत आली की कर्नल प्रोग्रॅमचा कोडच रॅममधून टाकतो, कारण तो ‘डिस्कवरून’ पुन्हा वाचता येतो. इथली ‘डिस्क’ म्हणजे नेटवर्कवरची इमेज. मशीन तीच पानं टाकतं, पुन्हा मागवतं, पुन्हा टाकतं. एक मशीन गोठतं आणि त्याच्या मागण्यांनी तार भरून सगळी खोली हळू होते. उपाय: रॅमच्या निम्म्या आकाराचा झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप), झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशनसह, आणि अर्लीऊम. मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की ते सगळ्यात जाड प्रोसेस मारतं. ब्राउझरच्या टॅबच्या प्रोसेसना आधी निवडायला सांगितलं. मुलाचा एक टॅब जातो, लिब्रऑफिसमधलं काम राहतं.

मंगळवार, १७ जून

शाळा सुरू होऊन दुसरा दिवस. नववीचा वर्ग, २४ जण एकदम. लॉगिनला चार मिनिटं. सर्व्हरचा प्रोसेसर ८ टक्के, डिस्क निवांत, रॅम अर्धी मोकळी. पहिली सूचना नेहमीचीच आली: ‘सर्व्हर मोठा घ्या.’

वर्ग गेल्यावर एपोप्टीजचं नेटवर्क बेंचमार्क चालवलं. एकेका मशीनवर: सगळे डेस्कटॉप ९३० एमबीपीएसच्या पुढे, फक्त पीसी११ चे ९. अठरा एकदम: बेरीज ९३० च्या जवळ हवी, आली १७० च्या आसपास. अठराला भागलं तर प्रत्येकाला साधारण ९. म्हणजे सगळे पीसी११ च्या चालीने चालत होते.

एथटूलने (नेटवर्क कार्ड तपासणारी आज्ञा) पाहिलं, पीसी११ चा दुवा १० एमबीपीएसवर जुळलेला. तार भिंतीच्या खोबणीत मेजाच्या पायाखाली चेपली होती. पण एकाची तार खराब, तर शिक्षा सगळ्यांना का? फ्लो कंट्रोल. हळू पोर्टसाठी आलेला माल स्विचच्या बफरमध्ये साचतो. बफर भरत आला की स्विच सर्व्हरला पॉज फ्रेम पाठवतो, ‘थांब’. पॉज फ्रेमला कुणासाठी थांबायचं हे सांगता येत नाही. सर्व्हरचं कार्ड सगळ्यांसाठीच थांबतं, गिगाबिटवर एका फ्रेममागे जास्तीत जास्त ३३.५ मिलिसेकंद, आणि बफर रिकामा होण्याआधी पुढची फ्रेम येते.

तार बदलली, पुन्हा क्रिम्प केली. अठरांची बेरीज ९३५. मग सहा खोकी जोडून चाचणी, आणि बेरीज परत कोसळली, कारण ती कायमचीच १०० ची आहेत. म्हणजे तार हे निमित्त होतं, दुखणं फ्लो कंट्रोलचं.

स्विच अनमॅनेज्ड, त्यात बंद करता येत नाही. सर्व्हरच्या लॅबकडच्या कार्डावर एथटूलने पॉज घेणं आणि पाठवणं दोन्ही बंद केलं. आता स्विच हळू पोर्टचा जास्तीचा माल टाकून देतो, टीसीपीला (डेटा पोचला का ते पाहणाऱ्या प्रोटोकॉलला) ते कळतं आणि तो फक्त त्याच क्लायंटचा वेग उतरवतो. बेरीज ९२० च्या वर, फेरपाठवणी नगण्य. एथटूलचा बदल रीबूटनंतर राहत नाही, म्हणून सिस्टिमडीच्या लिंक फाइलमध्ये दोन्ही बाजूंचे फ्लो कंट्रोल ‘नाही’ केले. बदलताना दुवा दोनतीन सेकंद पडतो. वर्ग चालू असताना करू नये.

बुधवारी त्याच वर्गाचं लॉगिन: पन्नास सेकंदांत सगळे आत.

गुरुवार, १९ जून

फायरफॉक्स. दर १५ सेकंदांनी तो उघड्या टॅबांची अवस्था प्रोफाइलमध्ये लिहितो, शिवाय पानांचा डिस्क कॅश. घरच्या मशीनवर कळतही नाही. इथे २४ प्रोफाइल एकाच डिस्कच्या जोडीवर आहेत, आणि प्रत्येक लेखन एनएफएसवरून ‘खरंच डिस्कवर गेलं ना’ अशी खात्री मागतं. यंत्र फिरत्या तबकडीचं, सेकंदाला शंभरेक अशा खात्र्या दिल्या की थकतं. लक्षण: माउस छान हलतो, पण पत्ता टाइप करताना अक्षरं उशिरा उमटतात.

पॉलिसी फाइलमधून सगळ्यांसाठी: डिस्क कॅश बंद आणि कुलूपबंद, टॅब अवस्थेचा कालावधी १५ ऐवजी १२० सेकंद, डाउनलोडची जागा होममधलं एकच फोल्डर, टेलिमेट्री बंद. कॅश आता रॅममध्ये. कॅश तात्पुरत्या फोल्डरकडे वळवण्याचाही सल्ला मिळतो. फॅट क्लायंटवर तात्पुरतं फोल्डर म्हणजेही रॅमच, मग एकदा ब्राउझरच्या आत आणि एकदा बाहेर अशी दुहेरी रॅम कशाला द्यायची?

शनिवार, २१ जून

आठवीतल्या एका खात्यावर लॉगिनचं चक्र: पासवर्ड टाकला, पडदा काळा, पुन्हा लॉगिन. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. असं चक्र दिसलं की आधी कोटा (माणशी जागेची मर्यादा) पाहायचा.

माणशी मऊ मर्यादा ८०० एमबी, कठीण १ जीबी ठेवलेली आहे. कठीण मर्यादा भरली की डेस्कटॉप सुरू होताना लागणारी बारीकशी अधिकार फाइलसुद्धा लिहिता येत नाही आणि सेशन सुरू होताच मरतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून मजकूर पडद्यावर लॉगिन केलं की आत शिरता येतं. त्या होममध्ये मुख्यतः काय होतं: कचरापेटीत ६१० एमबी, डाउनलोडमध्ये २९० एमबी, लघुचित्रांचा कॅश ७० एमबी, आणि मुलाचं स्वतःचं काम ४ एमबी. फाइल मॅनेजरमधून ‘डिलीट’ केलेलं कोट्यातून जात नाही, ते मुलांना ठाऊक नसतं.

रोज रात्री सात दिवसांपेक्षा जुना कचरा आणि लघुचित्रं पुसणारं काम सर्व्हरवर लावलं. मऊ मर्यादा ओलांडलेल्याला लॉगिनच्या वेळी मराठीत एक खिडकी: किती एमबी झाले आणि कुठल्या फोल्डरात. मऊ मर्यादेची मुदत मुळात ७ दिवस असते, ती संपली की मऊच कठीण होते. सुट्टीवरून आलेला मुलगा नेमका तिथे अडकतो. मुदत २१ दिवस केली.

मंगळवार, २४ जून

वर्गाचे सामायिक फोल्डर. गट ‘नववी’, फोल्डरवर सेटजीआयडी (नव्या फाइलला फोल्डरचाच गट मिळतो), आणि डिफॉल्ट एसीएलमध्ये (नव्या फाइलींच्या अधिकारांची यादी) गटाला वाचणं-लिहिणं. तरी तक्रार: ‘फाइल दिसते पण उघडत नाही.’ कॉपी करून टाकलेली फाइल फोल्डरचा डिफॉल्ट एसीएल घेते. त्याच डिस्कवरून कट-पेस्ट करून हलवलेली फाइल जुनेच अधिकार घेऊन येते. मुलं कट-पेस्टच करतात. दर दहा मिनिटांनी फोल्डरातले अधिकार दुरुस्त करणारी स्क्रिप्ट लावली. सुंदर नाही, पण चालते.

गृहपाठ जमा करायला वेगळं फोल्डर, अधिकार १७३३: मूल फाइल टाकू शकतं, आतली यादी पाहू शकत नाही, दुसऱ्याची पुसू शकत नाही. नाव माहीत असलं आणि फाइल सगळ्यांना वाचता येण्यासारखी असली तर मात्र ती वाचता येते. म्हणून खात्यांचा यूमास्क ००७७ (नवी फाइल फक्त मालकालाच), आणि शिक्षकाच्या गटाला त्या फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल.

शुक्रवार, २७ जून

मराठी टायपिंग. आयबस आणि एम१७एन (कळांची मराठी अक्षरं करणारे प्रोग्रॅम), इनस्क्रिप्ट २ आणि फोनेटिक कळफलक दोन्ही. प्रत्येकाच्या खात्यात जाऊन जोडायचं नाही. डीकॉन्फच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या सेटिंग्जच्या, सिस्टिम डेटाबेसमध्ये एकदा लिहून सगळ्यांना मिळालं. नोटो आणि लोहित देवनागरी फॉन्ट इमेजमध्ये.

चाचणीचे शब्द: दऱ्याखोऱ्या, वाऱ्यावर, कॅलेंडर, ऑगस्ट, यज्ञ. पहिला शब्द मुद्दाम. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ्य’ साठी नुसत्या र ची कळ नव्हे, तर शिफ्टसह तीच कळ, मग हलन्त, मग य. साध्या र ने ‘दर्या’ होतो, दऱ्या नाही. कळफलकाचा छापील तक्ता प्रत्येक मेजावर, त्यात ही ओळ ठळक.

थिन खोक्यांवर अक्षरं दुप्पट आणि उलटसुलट येत होती. खोक्याच्या स्वतःच्या सेशनमध्येही आयबस सुरू होतं आणि सर्व्हरवरच्यातही. कळ दोनदा रूपांतरित होत होती. ऑटोलॉगिनच्या खात्यात आयबस बंद. रूपांतर एकाच ठिकाणी, सर्व्हरवर.

जुन्या प्रश्नपत्रिका बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या आहेत. त्या इथे उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो; फॉन्ट टाकून दिसतील, पण शोधता येणार नाहीत. रूपांतर करूनच घ्यायच्या.

मंगळवार, १ जुलै

प्रिंटर. कप्समध्ये (लिनक्सची छपाई व्यवस्था) रांगेवर माणशी आठवड्याला (६,०४,८०० सेकंद) १० पानं. चालक (ड्रायव्हर) पानांची संख्या नीट कळवत असेल तरच ही मर्यादा मोजली जाते. इथल्या प्रिंटरचा दुसरा चालक लावल्यावर जमलं. एकच फाइल पंधरा वेळा पाठवण्याचा प्रकार मर्यादेने नव्हे, ‘छपाई चालू आहे’ ही सूचना दिसल्यावर थांबला.

शनिवार, ५ जुलै

दुपारी वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर, स्विचपेटी नव्हती, आता आहे. दोन लहान स्विचना फार वीज लागत नाही, आणि स्विच मेला की सर्व्हर जिवंत असून उपयोग नाही.

वीज आल्यावर काही मुलांना ‘फायरफॉक्स आधीच चालू आहे’. एनएफएस ४ मध्ये लॉक (फाइल वापरात असल्याची खूण) प्रोटोकॉलचाच भाग असतो आणि अचानक मेलेल्या क्लायंटचं लॉक सर्व्हर लीज (क्लायंटला दिलेली मुदत) संपेपर्यंत, म्हणजे ९० सेकंद, धरून ठेवतो. दोन मिनिटं थांबायचं, प्रोफाइलमध्ये हात घालायचा नाही. खरा धोका वेगळा आहे: एकाच खात्याने दोन मशीनवर लॉगिन. पॅममधली (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) लॉगिनची कमाल संख्या फक्त त्या त्या मशीनपुरती मोजते, इथे निरुपयोगी. लॉगिन स्क्रिप्ट आता होममध्ये मशीनचं नाव लिहिते. तिथे आधीच दुसरं नाव असेल आणि ते मशीन पिंगला उत्तर देत असेल तर ‘तुमचं खातं पीसी०७ वर उघडं आहे’ असं सांगून बाहेर काढते. पिंगची अट वीज गेल्यानंतरच्या उरलेल्या नावांसाठी.

शुक्रवार, ११ जुलै

अपडेटची पद्धत ठरवली. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, सगळे क्लायंट बंद असताना: सर्व्हर अपडेट, रीबूट, इमेज, इनिटआरडी, आणि एक फॅट व एक थिन उघडून पाहायचं. एलटीएसपी जुनी इमेज ‘ओल्ड’ नावाने बाजूला ठेवतं. नवी बिघडली तर नाव बदलून सोमवारी सकाळी वर्ग चालू करता येतो. क्लायंट चालू असताना एकदा इमेज बांधली तर ते जुनीच फाइल वाचत राहतात, काही होत नाही. म्हणून लोक निर्धास्त होतात आणि लगेच दुसऱ्यांदा बांधतात. मग क्लायंट ज्या फाइलवर उभे असतात तीच पुसली जाते, ‘स्टेल फाइल हँडल’ येतो आणि सगळे पडदे एकदम गोठतात.

बाकी: पीसी११ ची तार खोबणीतून काढून पट्टीवरून न्यायची. टीसी०४ चा पंखा आवाज करतो. आठ पोर्टच्या स्विचसाठी सुटा अ‍ॅडॉप्टर मागवला आहे.